बाल्कनीत बुलबुल, गच्चीत आग्या मोहोळ, डोक्यावर ढग : कुरडया घालायच्या कुठे?

कडीपत्ता
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून घरात चार दिवस बोलणी चालली आहेत, म्हणून इथे टाकते.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर. नवरा, सासूबाई, दहावीचे पेपर देणारी मुलगी आणि सातवीतले चिरंजीव. होळी झाली की सासूबाई कुरडयांचा घाट घालतात. ज्यांनी कधी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते : गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीत. म्हणजे आज गहू भिजवायचे तर पाच दिवसांनंतरच्या उन्हाची खात्री हवी. यंदा वसंतच लहरी झालाय, उद्याच्या उन्हाचीही नाही. परवा पहाटे स्वेटर घालून दूध आणलं, दुपारी पंखा पाचवर, संध्याकाळी ढग येऊन चार टपोरे थेंब, आणि रात्री पुन्हा गोधडी.

त्यात गच्ची बंद. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलंय, सुपाएवढं. सेक्रेटरींनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

उरली बाल्कनी. तिथे ग्रिलवरच्या गोकर्णाच्या वेलात बुलबुलाने घरटं केलंय. वाटीएवढं. आमच्या केरसुणीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या आणि चिरंजीवांच्या हरवलेल्या इयरफोनच्या वायरीचा तुकडा. आत तीन अंडी, गुलाबीसर, वर विटकरी शिंतोडे. वर छप्पर मात्र नाही. पाऊस आला की थेट आत.

तर प्रश्न असा : घरट्यावर काही झाकावं का? आणि बाल्कनीत कुरडयांचं प्लॅस्टिक अंथरलं तर पक्षी घरटं सोडून जातील का? नवरा मोबाइलवरचं हवामान बघतो, सासूबाई समोरच्या करंजाकडे बघतात. दोघंही चुकतात. सासूबाई ठामपणे चुकतात एवढाच फरक.

बंड्या पंचवटीकर
कुरडया विकत मिळतात हो ताई. धागा संपला. :)

कडीपत्ता
बंड्याभाऊ, हे वाक्य आमच्या घरात येऊन सासूबाईंसमोर म्हणून दाखवा. भाडं मी देते.

शिंजीर
आधी बुलबुलाचं बोलू. अंडी उबायला साधारण बारा ते चौदा दिवस, पिल्लं उडायला त्यापुढे तेवढेच. म्हणजे जेमतेम महिन्याचा पाहुणा आहे. घरटं हलवू नका, वेल छाटू नका, रोज फोटोसाठी वाकू नका. माणसाचा हात लागला की वासाने आई पिल्लं टाकते हे खरं नाही, पक्ष्यांचं नाक एवढं तिखट नसतं. पण आपण सारखे डोकावलो की कावळ्याला पत्ता कळतो, हे मात्र खरं.

झाकायचंच तर घरट्याच्या हातभर वर, बाजू मोकळ्या ठेवून, दोन्ही पक्षी बाहेर असताना दोन मिनिटांत काय ते बांधा आणि आत या. मग अर्धा तास दुरून बघा. एक जण परत येऊन बसला तर राहू द्या, नाही आला तर लगेच काढा. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे "आईच बसते" वगैरे निष्कर्ष काढू नका. आणि बुलबुलालाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हे सोसायटीत कुणी कुरकुरलं तर सांगायला बरं पडतं.

कुरडयांबद्दल पास. मी फक्त तळून खाते.

सुलभामावशी
अगं, बाल्कनीचं काय घेऊन बसलीस, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत ऊन किती तास? पूर्वेची आहे का पश्चिमेची? पूर्वेची असेल तर अकरानंतर सावली आणि कुरडई आतून ओली राहणार. मग डब्यात घातलीस की पंधरा दिवसांत बुरशी. आधी ते सांग.

दुसरं. चीक काढल्यावर ढग आले तर घाबरायचं नाही. खाली बसलेला घट्ट चीक आणि वर पाणी, असं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ वरचं पाणी ओतून ताजं घालायचं. दोन दिवस आंबत नाही. आमच्या वेळी फ्रिज नव्हता तेव्हा सगळा चीक शिजवून तूप-साखर घालून गल्लीला वाटला होता, आणि सासरे तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

कडीपत्ता
मावशी, पूर्वेचीच आहे. :(

गणिती
धाग्याचा मूळ गैरसमज दूर करतो. "वसंत लहरी झालाय" म्हणता, पण हवामान खात्याच्या वहीत वसंत नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. जो ऋतूच नाही तो लहरी कसा होईल?

मीरा के
गणिती, तुमच्या घरी पंचांग नाही का? चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. शाळेत घोकून घेतलंय.

गणिती
आहे ना. त्याच पंचांगात वसंत पंचमी माघात आहे. म्हणजे वसंताचा सण आधी आणि वसंत दोन महिन्यांनी. हे कसं?

टेकडीवरून
गणितींनी गणित केलं नाही म्हणून मी करतो. आपले चांद्रमास निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या, राशींवर बेतलेले आहेत, ऋतू मात्र सूर्याच्या सायन, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून मोजलेल्या, स्थितीवर चालतात. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा, म्हणजे २४ दिवसांचा फरक पडलाय. जुन्या व्याख्येत मीन आणि मेष राशींत सूर्य असताना वसंत. सायन मीन धरली तर ती १९ फेब्रुवारीच्या आसपास लागते. आता बाहेर बघा. पळस कधी पेटतो? काटेसावर कधी फुलते? फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासूनच. म्हणजे झाडं सायन पंचांग वापरतात आणि आपण निरयन. वसंत वेळेवर येतो, आपण त्याच्या स्वागताला तीन आठवडे उशिरा जातो.

चामर लेणीच्या टेकडीवर आज सकाळीच होतो. पांगारा ओसरत आलाय. तांबट पक्ष्याची टुक-टुक सुरू झाली की आमच्याकडे पहिला माठ निघतो. कालच निघाला, आणि आज पहाटे त्यातल्या पाण्याने दात शिवशिवले.

बंड्या पंचवटीकर
झाडांना सायन पंचांग कुणी छापून दिलं ते विचारणार होतो, पण माझी चूक मला मान्य आहे.

डब्लिनमधला देवळालीकर
इथे जुन्या रिवाजाने १ फेब्रुवारीलाच वसंत लागतो, हवामानवाले तो मार्चपासून मोजतात. त्यावरून दरवर्षी ऑफिसात हेच भांडण. आणि पाऊस दोघांचंही ऐकत नाही. त्यामुळे वाचताना अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

अवांतर : देवळाली कॅम्पच्या आमच्या जुन्या घरामागे शिरीष होता. रात्री दमट हवेत त्याचा वास पार आतल्या खोलीपर्यंत यायचा. आई म्हणायची, शिरीष जास्त घमघमला की पाऊस. खरं-खोटं माहीत नाही, पण इथे पावसात अजून तोच वास शोधतो.

सरळमार्गी
तुम्ही सगळे बुलबुलात अडकलात. आग्या मोहोळ हा गंभीर प्रकार आहे. इमारतीत लहान मुलं, म्हातारी माणसं. ताबडतोब पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. आमच्या जुन्या कॉलनीत एकाने टाकीजवळ उदबत्तीचा पुडा पेटवून धूर केला, माश्यांनी चार जणांना पार रस्त्यापर्यंत पळवलं. एक गृहस्थ दोन दिवस दवाखान्यात होते. निसर्गप्रेम ठीक आहे, पण गच्चीत नको.

निफाडकर
सरळमार्गी, तुमचा किस्साच सांगतो की माश्यांनी काही केलं नव्हतं, धूर करणाऱ्यानं केलं होतं.

आग्या माशी कायमची राहायला येत नाही. फुलोरा असतो तोवर बसते, फुलोरा सरला की पोळं मोकळं करून पुढच्या मुक्कामाला जाते. आत्ता आमच्याकडं कांद्याचे डोंगळे फुललेत, पांढरे चेंडूच्या चेंडू. त्यात बी धरायचं तर माशी पाहिजे. गेल्या साली शेजाऱ्यानं फुलोऱ्यात औषध मारलं, माशी गेली, आणि डोंगळे नुसतेच उभे राहिले. बियाण्याला पैसे मोजताना मग आठवण येते.

टाकीखाली आहे तर खाली उभं राहून मोठ्यानं बोलू नका, अत्तर-फित्तर लावून जाऊ नका, रात्री गच्चीतला दिवा बंद ठेवा. दिव्यावर येतात त्या. आणि एक माशी चावली की तिथून झटक्यात लांब व्हा. चावल्या जागेवर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतो. पोरांच्या येण्या-जाण्याच्या वाटेतच असेल तर जाणकार माणूस बोलवून रात्री हलवा. पण फवारा मारू नका.

सरळमार्गी
केळ्याचं माहीत नव्हतं. तरी माझं मत कायम.

कडीपत्ता
होळीचा रिपोर्ट. सोसायटीत होळी गच्चीच्या बरोब्बर खालच्या अंगणात पेटवायची प्रथा. निफाडकरांचा धूर आठवून मी सेक्रेटरींना वाचून दाखवलं, त्यांनी होळी पार गेटबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. लोक पुरणपोळीची ताटं घेऊन पाव किलोमीटर चालले. "कुणामुळे?" असं तीनदा विचारलं गेलं. मी चौथ्या मजल्यावरच्यांकडे बघत राहिले.

"होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतात ना? दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं.

बुलबुल अंड्यांवर बसून आहे. मुलगी भूमितीचा अभ्यास खिडकीशी बसून करते, आणि कोण किती वाजता उठून गेलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहिते. प्रमेय एक, नोंदी चौदा.

मीरा के
मुलीला सांग, २० मार्चला चिमणी दिवस असतो, २०१० पासून. तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचेच. तिच्या नोंदी वाया नाही जाणार.

बंड्या पंचवटीकर
रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात, धप्पा मारून आलो. कान अजून पिवळे आहेत. पाणी इतकं गार की "वसंत कुठे आहे" याचं उत्तर मिळालं : रहाडीत नाही.

अवांतर : नंतर मिसळ खाल्ली. कुठे ते सांगत नाही, धागा भरकटेल.

टेकडीवरून
भरकटलाच समजा. कुठे?

सुलभामावशी
मिसळीचा वेगळा धागा काढा. इथे गहू भिजलेत का ते सांगा.

कडीपत्ता
भिजले, मावशी. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी साडेतीन किलो लोकवन पातेल्यात पडला. नवऱ्याने मोबाइल दाखवला : पाचव्या दिवशी पावसाची शक्यता ३० टक्के. सासूबाईंनी करंजाकडे बघितलं. कोवळी पोपटी पालवी आली आहे. "पालवी चकाकतेय, पाऊस नाही." मी पातेल्याकडे बघितलं.

जागेचा प्रश्न असा सुटला की शेजारच्या बंगल्यातल्या आजींनी त्यांची गच्ची देऊ केली. मोबदला म्हणून गरम चीक, वर तेल घालून.

गणिती
३० टक्क्यांचा अर्थ बहुतेकांना कळत नाही. दिवसातला ३० टक्के वेळ पाऊस असा नाही. तुमच्या जागी थेंब पडायची शक्यता दहात तीन, एवढंच.

बंड्या पंचवटीकर
म्हणजे दहातल्या सात कुरडया वाळणार. चालतंय की.

कडीपत्ता
आत्ता रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी जागी आहे.

साडेबाराला विजा सुरू झाल्या. आधी वारा आला, मग धुळीचा वास, मग कुणी पत्र्यावर खडे टाकावेत तसा आवाज. गारा नव्हत्या, मोठे थेंबच. काल संध्याकाळी शिंजीर यांनी सांगितलं तसं घरट्याच्या वर नवऱ्याची जुनी काळी छत्री ग्रिलला सुतळीने बांधली होती, अर्ध्या तासात पक्षी परतही आला होता. पण वारा तिरका. छत्री असून पाऊस बाजूने आत.

टॉर्च लावला नाही. विजेच्या उजेडातच दिसत होतं. ती (किंवा तो) पंख दोन्ही बाजूंना सैल सोडून घरट्यावर पसरून बसलेली, शेंडी डोक्याला चिकटलेली, चोचीच्या टोकाला एक थेंब. डोळा उघडा. दर विजेला आम्ही दोघी एकमेकींना दिसत होतो. मागून सासूबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दोन बाळंतपणं पावसाळ्यात काढली, तेव्हा घर गळत होतं." हे मला लग्नाच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

चीक फ्रिजमध्ये आहे. मावशी, तुमचे उपकार.

निफाडकर
ताई, तुम्ही पावणेदोनला जाग्या होता, मी पण होतो. बागंत.

माझ्या दोन एकर थॉमसन द्राक्षांची तोडणी आठ दिवसांवर. यंदा डिसेंबरपासूनच हवा धड नाही. मधे दिवसा चौतीस आणि पहाटे बारा, अशी तफावत पडली. मण्याला गुलाबी छटा यायला लागली, आम्ही पिंक बेरी म्हणतो. तसा माल बाहेरदेशी कुणी घेत नाही. म्हणून घरच्या सगळ्यांनी मिळून घडाला कागद बांधले. बायको, आई, मी, कॉलेजातली पोरगी, बारा मजूर. एकेक घड हातात धरून कागद गुंडाळायचा आणि टाचायचा. आता सांगा, कागद बांधलेल्या घडावर पाऊस पडला की काय होतं? कागद भिजतो, आत पाणी धरून ठेवतो. म्हणजे थंडीसाठी बांधलेला कागद पावसासाठी सोडायचा.

तोडणीला आलेल्या मण्याची साल साखरेनं ताणलेली असते. वरून पाणी बसलं की मणी ते पितो आणि देठाजवळ तडकतो. एक मणी तडकला की रस शेजारच्या चार मण्यांवर, मग चिलटं, मग आंबूस वास. अख्खा घड जातो. म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून नुसत्या हवेनं घडावरचं पाणी उडवायचं. काल रात्री तीन वाजता मी ओळी-ओळीतून नुसता वारा मारत फिरत होतो. पोरगी पुढं बॅटरी धरून. सकाळी व्यापाऱ्याचा फोन, "बघू, थांबू दोन दिवस." दोन दिवस थांबू म्हणजे भाव पाडू.

२०१४ ची गारपीट आमच्या वडिलांनी बघितली. त्यानंतर त्यांनी त्या बाजूच्या ओळींत पाय टाकला नाही, ती बाग मी तोडून पुन्हा लावली. २०२३ च्या नोव्हेंबरात परत गारा आल्या. आता प्लॅस्टिकचं आच्छादन घालावं म्हणतात, एकरी खर्च ऐकला की आपलीच साल तडकते.

हे रडगाणं नाही. तुमच्या छत्रीचं वाचून लिहावंसं वाटलं. अंडी सुखरूप आहेत का, ते आधी सांगा.

शिंजीर
निफाडकर, हे वाचून गप्प बसले बराच वेळ. मुलीला शाबासकी सांगा.

सरळमार्गी
+१

गणिती
या पावसाचं कारण थोडक्यात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाकडून जातात, त्यांची शेपटी कधी आपल्यापर्यंत उतरते. वर थंड हवा, खाली तापलेली जमीन, आणि समुद्रावरून आलेलं बाष्प. तिन्ही एकत्र आले की तापलेली हवा उसळून ढग उंच चढतात आणि थेंब गोठेपर्यंत वर-खाली होतात. म्हणून गारा जानेवारीच्या थंडीपेक्षा मार्च-एप्रिलच्या उन्हात जास्त. मघाशी मी वसंत नाहीच म्हणालो, पण दोन ऋतूंची ओढाताण इथेच होते हे खरं.

सुलभामावशी
गणितींनी वसंत मान्य केला, नोंद घ्या.

कडीपत्ता
अंडी तिन्ही सुखरूप. सकाळी पक्षी उठल्यावर बघितलं. निफाडकर, तुमचा माल निघेपर्यंत ऊन राहो. इथे सासूबाईंनी देवापाशी कुरडयांसाठी ठेवलेला नारळ तुमच्या बागेच्या नावाने फोडला. खोबऱ्याची चटणी झाली.

तिसऱ्या दिवशी कडकडीत ऊन पडलं. चीक ताजाच होता. पहाटे चारला मोठं पातेलं, मीठ, हिंग, उलथन्याने ढवळताना नवऱ्याचे दंड भरून आले (मोबाइल हातातून सुटला हा आणखी एक फायदा). शेजारच्या आजींच्या गच्चीत सोऱ्या दाबायला चिरंजीव. पहिल्या दहा कुरडया कुरडईसारख्या, पुढच्या नकाशासारख्या. चोथ्याच्या भुसवड्या घातल्या. दुपारी सासूबाई छत्री घेऊन कावळे हाकत बसल्या. ती चांगली छत्री. जुनी अजून बुलबुलाकडे.

मीरा के
पाडवा झाला. कडुनिंबाचा मोहोर मिळाला का कुणाला? आमच्या झाडाचा वाऱ्याने निम्मा गळाला. नुसत्या पानांवर भागवलं. गुळाचा खडा तेवढा मोठा घेतला.

टेकडीवरून
आंब्याचंही तेच. ढगाळ हवेत मोहोरावर भुरी आणि तुडतुडे, उरलेल्या कैऱ्या वाऱ्याने खाली. आमच्या अंगणात गळलेल्या कैऱ्यांचा तक्कू आणि पन्हं रोज चालू आहे. चैत्रगौरीच्या आंबेडाळीला झाडावर काही राहील की नाही कोण जाणे.

आणि नांदूर मध्यमेश्वरला कुणी जाणार असाल तर आता उशीर झाला. बहुतेक पाहुणे बदकं परतीला लागली. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ते, आणि आम्ही अजूनही "गोदाकाठचं तळं" म्हणतो.

कडीपत्ता
पाडव्याच्या तीन दिवस आधी पिल्लं बाहेर आली, तीनही. सांगायचं राहिलं, कारण मुलीचा शेवटचा पेपर होता. पिल्लं म्हणजे काय, मिटलेले डोळे, गुलाबी कातडी आणि एक भलीमोठी चोच. दोघं आईबाप नाकतोडे आणि अळ्या आणतायत. माझ्या कढीपत्त्यावरच्या अळ्या संपल्या. चार वर्षं औषधं मारून जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं.

आता वाईट बातमी. काल सकाळी समोरच्या पेरूवर भारद्वाज आला. सासूबाईंनी हात जोडले, भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो. मलाही बोलावून नमस्कार करायला लावला. भारद्वाजाने आमचे नमस्कार घेतले, वेलात शिरला आणि एक पिल्लू घेऊन गेला. दोन मिनिटंही लागली नाहीत. बुलबुल दोन्ही बाजूंनी ओरडत होते. सासूबाईंचे हात जोडलेलेच राहिले होते.

दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "त्याचीही पिल्लं असतील कुठे."

शिंजीर
अरेरे. पण हो, भारद्वाज घरटी लुटतो. सरडे, उंदीर, गोगलगायी, सगळं खातो. शुभ कुणासाठी हा प्रश्न आहे. ताई, जाळी-बिळी लावू नका, आईबापांचीच वाट अडेल.

बंड्या पंचवटीकर
आमची आजी भारद्वाज दिसला की लॉटरीचं तिकीट काढायची. कधीच लागली नाही. आता कळलं, त्याला दुसरी कामं असतात.

निफाडकर
माल निघाला. भाव बोललेला मिळाला नाही, पण गेला. तडकलेले मणी कात्रीनं काढता काढता आईचे हात चिकट झालेत, ती म्हणते बेदाण्याला तरी टाकू. राहिलेला तोच करतोय. आता खरड छाटणी, म्हणजे पुढच्या सालाची तयारी. ताई, राहिलेली दोन?

कडीपत्ता
कामदा एकादशीला, रामरथाच्या दिवशी, दोन्ही उडाली. म्हणजे उडाली म्हणणं जास्त होईल. एक ग्रिलवरून पेरूवर पडलं, दुसरं चिरंजीवांच्या दप्तरावर. त्याला तिथून हलवायचं नाही असं ठरल्यामुळे चिरंजीव त्या दिवशी दप्तराशिवाय शाळेत गेले. त्यांच्या दृष्टीने हा वसंत फार चांगला होता.

आम्ही संध्याकाळी गोदेकाठी रथ बघायला गेलो तेव्हा पुन्हा ढग आले होते. पडले नाहीत.

मोहोळ अजून टाकीखाली आहे, पण निम्मं झालंय. छत्री सोडलेली नाही. सासूबाई म्हणतात दुसरं वेत येईल.

सरळमार्गी
मोहोळ गेलं की टाकी धुवून घ्या. आणि पोळ्याचं मेण मला हवंय, पायाच्या भेगांना चांगलं.

सुलभामावशी
सगळं सांगितलंस, कुरडया किती झाल्या ते सांगितलं नाहीस.

कडीपत्ता
दोन डबे, मावशी. एकावर सासूबाईंनी "पाहुण्यांसाठी" लिहिलंय, दुसऱ्यावर "नकाशे". काल नकाशे तळले. महाराष्ट्र बरा फुलला, कोकण करपलं.